रेघ कागदावर आहे तोवरच विचारा

वाचकांचे प्रश्न: रस्ते आणि वाहतूक

प्रश्न: आमच्या भागाच्या वाहतूक आराखड्यावर हरकती मागवल्या आहेत. मी पर्यावरणाचा मुद्दा मांडला, तर "प्रत्येक रस्त्याचं पर्यावरण मूल्यांकन पुढे होणारच आहे, आत्ता त्याची गरज नाही" असं सांगितलं गेलं. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही, आणि तुमची हरकत मागे घेऊ नका. प्रकल्पाच्या वेळी होणारं मूल्यांकन हवंच. पण तोवर रस्त्याची दोन्ही टोकं ठरलेली असतात, जमिनीची मोजणी सुरू झालेली असते, पैशांची बोलणी पुढे गेलेली असतात. "हा रस्ता इथे हवा का?" असं मग कोणी विचारतच नाही. किती झाडं तोडायची आणि बदल्यात किती लावायची, एवढ्यावरच चर्चा होते.

पूरमैदानातून जाणारा रस्ता घ्या. त्यासाठी भराव टाकावा लागतो, आणि भराव म्हणजे नदीच्या पसरण्याला घातलेला बांध. एरवी मैदानभर पसरून सावकाश ओसरणारं पाणी मोऱ्यांच्या तोंडाशी तुंबतं, वरच्या अंगाला फुगवटा चढतो, आणि मोरीतून जोरात सुटलेलं पाणी खालचा काठ खरवडत जातं. प्रकल्पाच्या टप्प्यावर अभियंता फार तर मोऱ्या वाढवेल, गाळे रुंद करेल. आराखड्याच्या टप्प्यावर मात्र पूरमैदानं, पाणथळ जागा आणि प्राण्यांच्या येण्याजाण्याचे पट्टे नकाशावर आधी टाकले, तर आखणी मुळातच उंच जमिनीवरून नेता येते. त्या वेळी रेघ सरकवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

शिवाय बेरीज कोणी करायची? पाच वेगवेगळे प्रकल्प एकाच पाणथळीचा एकेक कोपरा घेतात. प्रत्येक अहवालात परिणाम "किरकोळ" ठरतो आणि पाणथळ संपते. म्हणूनच युरोपीय संघाच्या २००१ सालच्या निर्देशाने आराखडा मंजूर होण्याआधीच त्याचं पर्यावरणीय मूल्यांकन आणि वाजवी पर्यायांचा विचार बंधनकारक केला.

प्रकल्पाच्या पातळीवरचे उपाय निरुपयोगी नसतात, हेही सांगायला हवं. कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गाला कुंपण घालून प्राण्यांसाठी पूल आणि भुयारी वाटा केल्यावर वन्यप्राण्यांचे अपघात ८० टक्क्यांहून जास्त घटले. पण असा पूल उपयोगी पडतो तो दोन्ही बाजूंचं जंगल शाबूत असेल तरच, आणि ती जमीन राखणं हे प्रादेशिक नियोजनाचं काम आहे.

प्रश्न: मसुद्यात म्हटलंय, महामार्ग रुंद झाला की वाहनं कोंडीत अडकणार नाहीत, म्हणून धूर कमी होईल. आकडेही दिलेत. यावर काय बोलणार?

उत्तर: ते आकडे कसे आले ते विचारा. असे आकडे वाहतुकीचा अंदाज बांधणाऱ्या संगणकी मॉडेलांतून येतात, आणि उमेदीची बरीच वर्षं मी हीच मॉडेलं चालवली आहेत, त्यामुळे यावर जरा सविस्तर लिहितो.

नेहमीच्या मॉडेलला चार पायऱ्या असतात. कुठून किती फेऱ्या निघतील, त्या कुठे जातील, कोणत्या वाहनाने जातील आणि शेवटी कोणत्या रस्त्याने जातील. रस्ता रुंद झाला की प्रवासाचा वेळ कमी होतो. तो नवा वेळ मागे नेऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत घातला, तर लोक लांबच्या नोकऱ्या धरताना, बस सोडून गाडी काढताना दिसतात. तो मागे नेलाच नाही, तर "रस्ता केला" आणि "रस्ता नाही केला" या दोन्ही चित्रांत फेऱ्या त्याच राहतात. तेवढीच वाहनं, जास्त जागा, म्हणून कमी धूर! गणितात चूक सापडत नाही, पण उत्तर खोटं असतं. तसं ते आलेलं मी पाहिलं आहे, आणि त्यावर सह्या होतानाही पाहिल्या आहेत. त्याची चीड आजही येते.

नवा रस्ता नवी वाहतूक ओढतो, हे ब्रिटनमध्ये सरकारच्याच सल्लागार समितीने १९९४ साली मान्य केलं. अमेरिकी शहरांवरच्या २०११ सालच्या अभ्यासात ड्युरांटन आणि टर्नर यांना असं दिसलं, की महामार्गांवरच्या मार्गिकांची (लेनची) एकूण लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळपास त्याच प्रमाणात वाहनांनी कापलेलं अंतर वाढतं. कॅलिफोर्नियाने तर जुलै २०२० पासून पर्यावरण मूल्यांकनात कोंडीचं माप बाजूला ठेवून वाहनांनी कापलेलं एकूण अंतर हे माप धरलं.

तेव्हा हरकतीत स्पष्ट लिहा: दोन्ही चित्रांतलं एकूण वाहन-किलोमीटर, म्हणजे सगळ्या वाहनांनी मिळून कापलेलं अंतर, छापा, आणि रस्त्याकडेला होणारी नवी वस्ती धरली आहे की नाही ते सांगा. तेवढेच पैसे बस आणि रेल्वेवर घातले तर काय होतं, हे तिसरं चित्रही मागा.

प्रश्न: सगळी वाहनं विजेवर आली की हा प्रश्न मिटेल ना?

उत्तर: नळीतून निघणारा धूर जाईल, आणि तो जायलाच हवा. भराव, तुटलेलं जंगल, टायरची झीज मात्र तशीच राहील. टायरमधल्या सिक्स-पीपीडी या रसायनापासून बनणारा एक घटक पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाऊन कोहो सामन मासे मारतो, हे २०२० साली संशोधकांनी दाखवलं. म्हणून रस्त्यावरचं पाणी मातीतून गाळून मगच ओढ्यात सोडायला जागा लागते, आणि ती आराखड्यातच राखून ठेवा, असं हरकतीत जोडा.