आयव्ही ओढू नका, आधी खालून कापा

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला जुनं व्हिक्टोरियन (एकोणिसाव्या शतकातलं) रांगेतलं टेरेस घर घेतलंय, मागची विटांची भिंत आयव्हीच्या वेलाने पार पन्हळीपर्यंत भरलीय. शेजारी म्हणतो सरळ ओढून काढ आणि प्रेशर वॉशर मार. एक फांदी ओढून बघितली तर दोन विटांमधला मसालाच हातात आला! आता काय करू?

उत्तर : अहो, तिथेच थांबा. आपल्याकडे वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवला की तो भिंतीच्या आत मुळं घालून भिंतच फाडतो, म्हणून आयव्ही बघूनही आपल्या पोटात गोळा येतो, पण ही जात वेगळी. हिची भिंतीवरची केसाळ मुळं फक्त चिकटून बसायला असतात, अन्नपाणी जमिनीतूनच येतं. भिंत धड असेल तर ती फार नुकसानही करत नाही, ऑक्सफर्डच्या संशोधकांना तर ती उलट ऊन, गारठ्यापासून विटांना जपते असं दिसलंय. भेगा असल्या तर मात्र आत शिरते, आणि तुमच्या हातात मसाला आला म्हणजे दर्जा (विटांमधले सांधे) सैल झाल्यात.

तर बुंध्याशी करवतीने कापा, मधला वीतभर तुकडा काढूनच टाका म्हणजे वरचा भाग तुटला हे नक्की, आणि मग पानं तपकिरी होऊन वाळेपर्यंत काही आठवडे हात लावू नका. मग फांद्या वरून खाली, थोड्या थोड्या, छाटत काढा. जिथे अडेल तिथे कात्री, जोर नाही. हातमोजे घाला, आयव्हीच्या चिकाने काहींना खाज सुटते. मागे राहिलेली मुळं नायलॉनच्या कडक ब्रशने घासा, तारेच्या नको, त्याने जुनी वीट खरवडते. सगळे डाग जाणार नाहीत, राहू देत. प्रेशर वॉशर तर नकोच, उरलासुरला मसालाही धुऊन निघेल.

बुंधा परत फुटतोच, तो खणून काढा किंवा ताज्या कापावर ग्लायफोसेट हे तणनाशक लावा, पानांवर फवारून उपयोग नाही, पानं मेणचट असतात.

मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात आणि वापरातलं घरटं मोडणं १९८१ च्या ब्रिटिश वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे शरद ऋतू बरा, तेव्हाही आधी आत डोकावून बघा.

आणि दर्जा भरताना गवंड्याला चुन्याचाच माल वापरायला सांगा. एवढ्या जुन्या घरात बहुतेक तोच असतो, सिमेंट भरलं की ओल आत अडकते आणि थंडीत विटांचे पापुद्रे सुटतात.