तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : मुलांमधले मायटोकॉन्ड्रियाचे आजार

प्रश्न : मुलगी 4 वर्षांची, वजन 12 किलो. एमआरआय आणि जनुक तपासणीवरून ‘ली सिंड्रोम’चं निदान झालं, दोष सर्फ-वन जनुकात आहे. मागच्या तापानंतर तिचं बसणंच सुटलं. साध्या तापाने असं का व्हावं?
– एक पालक, सिन्नर

उत्तर : ली सिंड्रोम हा मेंदूवर परिणाम करणारा मायटोकॉन्ड्रियाचा आजार आहे. मायटोकॉन्ड्रिया ही पेशीतली ऊर्जाकेंद्रं, ती अन्नातून एटीपी, म्हणजे पेशीला लागणारी ऊर्जा, तयार करतात. सर्फ-वनच्या दोषात या कामातला एक महत्त्वाचा टप्पा, कॉम्प्लेक्स फोर, लंगडा पडतो. ताप एक अंश सेल्सिअस चढला की ऊर्जेची गरज साधारण 10 टक्क्यांनी वाढते आणि नेमकं तेव्हाच मूल खाणं सोडतं. ही तूट सगळ्यात आधी मेंदूतल्या बेसल गँग्लिया (हालचाली सांभाळणारा भाग) आणि ब्रेनस्टेमला (गिळणं, श्वास सांभाळणारा भाग) भोवते. म्हणून बसणं, गिळणं, श्वास यांवरच घाला येतो.

ताप आला की लगेच पॅरासिटामॉल द्या : किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे तिला 180 मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. बाटलीवरचा आकडा वाचा. 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असेल तर 7.5 मिलिलिटर लागतं. 250 असेल तर 3.6. इथे फार गफलत होते. यकृतावर परिणाम झालेला असेल तर डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

दर तीन-चार तासांनी पेज, खिमट, दूध, जे उतरेल ते द्या, रात्रीसुद्धा उठवून. लागोपाठ दोन वेळचं खाणं चुकलं, उलट्या थांबेनात, मूल गुंगीत गेलं किंवा धाप लागली, की सकाळची वाट बघू नका. सिन्नरहून नाशिकला पोचायला लागणारा वेळ धरूनच निघा. मुंबईला तपासणीला नेतानाही खाणं जवळच ठेवा. कसारा घाटात गाडी कधी अडकेल सांगता येत नाही.

रुग्णालयात रक्तातली साखर, लॅक्टेट (ऊर्जानिर्मिती अडली की रक्तात साठणारं आम्ल) आणि ब्लड गॅस (रक्तातली आम्लता व वायू) बघून बहुतेक मुलांना क्षार घातलेलं 10 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजची सलाइन, सुरू करतात. रिंगर लॅक्टेट ही लॅक्टेट असलेली सलाइन टाळतात. पण पायरुव्हेट डिहायड्रोजनेज या, ग्लुकोजपासून ऊर्जा बनवायला लागणाऱ्या एन्झाइमचा दोष असलेल्या मुलांत जास्त ग्लुकोजने लॅक्टेट उलट वाढतं, त्यांचा बेत वेगळा. म्हणूनच तुमच्या तज्ज्ञांकडून एका पानाचं पत्र घेऊन ठेवा : निदान, जनुक, वजन, कोणती सलाइन, कोणती औषधं नकोत, कोणाला फोन करायचा. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध या मुलांत शक्यतो टाळतात. पोल-जी या दुसऱ्या एका जनुकाच्या दोषात त्याने यकृत निकामी होऊ शकतं. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी हा आजार कधी पाहिलेलाच नसेल, तेव्हा ते पत्रच मुलीच्या बाजूने बोलतं.

प्रश्न : लॅक्टेट नॉर्मल आलं. म्हणजे आजार नाही ना?
– पंचवटी

उत्तर : तसं म्हणता येत नाही, काही मुलांत रक्तातलं लॅक्टेट नॉर्मलच असतं आणि फक्त पाठीच्या पाण्यात वाढलेलं सापडतं. उलट, मूल रडत असताना किंवा दंडाला पट्टा आवळून रक्त काढलं तर ते खोटंच वाढतं. नमुना राखाडी झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये, बर्फावर, लगेच लॅबमध्ये गेला पाहिजे.

प्रश्न : सासरी म्हणतात, हा आजार आईकडूनच येतो, दोष माझाच. (माझ्या मुलालाही सर्फ-वनचाच दोष आहे.) पुढचं मूल होऊ द्यावं का?
– सिडको

उत्तर : तुमच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे. आईकडूनच येतो तो मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए. त्यात जनुकं फक्त 37. सर्फ-वन त्यात नाहीच, ते पेशीच्या केंद्रकात असतं. आई-वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत आली तरच मूल आजारी पडतं. मामाच्या मुलीशी लग्न अशा नात्यात ही शक्यता वाढते. आणि आईच्या डीएनएतून आजार आला असता, तरी त्यात आईची चूक ठरली नसती.

दोघेही वाहक असाल, म्हणजे दोघांकडेही एकेक सदोष प्रत असेल, तर दर गरोदरपणात धोका 25 टक्के. आधी दोघांची जनुक तपासणी करून घ्या. मग 11 ते 13 आठवड्यांत वारेचा नमुना तपासून सांगता येतं. मुंबईचं केईएम रुग्णालय 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणातलं मान्यताप्राप्त केंद्र आहे. सल्ल्यासाठी गरोदर राहण्याआधीच गाठा.

प्रश्न : जनुक अहवाल यायला काही आठवडे आहेत. तोवर नुसतं थांबायचं?
– नाशिक रोड

उत्तर : नाही. एमआरआय ‘ली’सारखा दिसत असेल, तर बायोटिन आणि थायमिन लगेच सुरू करण्याबद्दल डॉक्टरांशी आजच बोला. एसएलसी-19-ए-3 जनुकाचा दोष हुबेहूब असाच दिसतो आणि या दोन जीवनसत्त्वांना चांगला प्रतिसाद देतो, पण वेळेत दिली तरच. अहवालात दुसराच दोष निघाला, तर ती बंद करता येतात.