वडिलांना घरी बायपॅप लावायचाय, पण गावात लाइट जाते

तुम्ही विचारलंय की तुमच्या वडिलांना सीओपीडी (श्वास अडवणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, डॉक्टरांनी रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) आणि मिनिटाला १ लिटर ऑक्सिजन सांगितलाय, पण ते मास्क काढून टाकतात, गावात लाइट जाते, आणि भाऊ म्हणतो ऑक्सिजनचं मशीन असताना बायपॅपचा खर्च कशाला. दापोलीजवळच्या आमच्या वाडीत आईचं सहा वर्षं हेच चाललंय, म्हणून कळकळीने सांगते: बायपॅप टाळू नका.

कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे ते ऑक्सिजनचं मशीन, फक्त ऑक्सिजन देतो. बायपॅप श्वास घेताना जास्त, सोडताना कमी दाब देऊन दमलेल्या छातीचं ओझं उचलतो, आणि आत साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो बोटावरच्या ऑक्सिमीटरला दिसतच नाही, त्यासाठी धमनीतलं रक्त तपासावं लागतं. पहिल्या वर्षी आईचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ८९ टक्के दिसलं म्हणून मी घाबरून ऑक्सिजन १ वरून ४ वर नेला. आकडा ९६ झाला, मला हायसं वाटलं. पहाटे आई हाका मारूनही उठेना. अशा रुग्णांना बहुधा ८८ ते ९२ पुरतं आणि जादा ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड चढतो, हे मला त्या दिवशी इस्पितळात कळलं. वडिलांना सकाळी डोकेदुखी, दिवसा पेंग किंवा बरळणं दिसलं, तर लगेच डॉक्टरांना गाठा.

आता लाइट. हवा दमट करणारा त्याचा हीटर बंद ठेवला तर बायपॅप साधारण ५० वॉटवर चालतो, इन्व्हर्टरवर रात्र सहज निघते. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर ३०० वॉटच्या वर खातो, तो बॅटरी काही तासांत संपवतो. म्हणून इन्व्हर्टर बायपॅपसाठी राखा आणि ऑक्सिजनसाठी भरलेला सिलिंडर ठेवा. १५०० लिटरचा सिलिंडर मिनिटाला १ लिटरने दिवसभर पुरतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात खांब आडवे झाले, तेव्हा आम्ही दोन रात्री अशाच काढल्या आणि तिसऱ्या दिवशी आईला चिपळूणला मावशीकडे हलवलं. पावसाळ्याआधी तुमचंही असं एक घर ठरवून ठेवा.

मास्क काढून टाकतात म्हणता, तर रात्रीच सुरुवात करू नका. दुपारी पडवीत बसवून, पट्टे न बांधता, त्यांच्याच हाताने मास्क धरू द्या. आईला सवय व्हायला तीन आठवडे लागले. नाक कोरडं पडलं तरी खोबरेल लावू नका, तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की पेट घेण्याचा धोका असतो. गणपतीत निरांजन, धूप त्यांच्या खोलीत नेऊ नका, आणि चुलीचा धूर तर त्यांच्यापर्यंत येताच कामा नये.

मास्क फक्त नाकाचा दिलाय की नाक-तोंड दोन्ही झाकणारा, ते कळवा. नाकावर वळ उठत असतील तर पट्टे कसे सैल करायचे ते सांगते.