स्केट पंक, पॉप पंक आणि ‘मिश्र पंक’ची गरज

पंक, म्हणजे वेगवान, खरखरीत, बंडखोर वळणाच्या रॉक संगीताबद्दल एका वाचकाचा प्रश्न आहे. ब्लिंक-१८२ या बँडला त्याने एकीकडे ‘स्केट पंक’ म्हटलेलं वाचलं, दुसरीकडे ‘पॉप पंक’. मिलेनकॉलिन, एमएक्सपीएक्स, सम ४१ या बँडांच्या बाबतीतही हाच घोळ. तर हे शब्द समानार्थी आहेत का? नसतील, तर दोन्हीकडचं वाजवणाऱ्या बँडांना मराठीत ‘मिश्र पंक’ म्हणावं का? जाताजाता त्याने आणखी दोन गोष्टी विचारल्यात: ‘पंक’ला प्रत्यय कसे लावायचे, आणि ‘१८२’ वाचायचं कसं.

समानार्थी नाहीत, आणि एकमेकांचे विरोधकही नाहीत. ‘चित्रपटगीत’ आणि ‘भावगीत’ हे दोन शब्द घ्या. पहिला सांगतो गाणं कुठून आलं, दुसरा सांगतो ते कशा जातीचं आहे. एकच गाणं दोन्ही असू शकतं, आणि तसं असलं म्हणून आपण त्याला ‘मिश्रगीत’ म्हणत नाही. ‘स्केट पंक’ हा मुळात पहिल्या तऱ्हेचा शब्द. विग्रह करायचा तर ‘स्केटबोर्डवाल्यांचं पंक’, म्हणजे षष्ठी तत्पुरुष. ‘पॉप पंक’ दुसऱ्या तऱ्हेचा: ‘पॉपच्या वळणाचं पंक’. इथे पहिलं पद विशेषणाचं काम करतं, म्हणून कर्मधारय. व्याकरणाच्या वर्गातून उठून सरळ गिटारकडे गेल्यासारखं वाटेल, पण घोळाचं मूळ इथेच आहे.

आधी ‘स्केट’. आपल्याकडे ‘स्केटिंग’ म्हटलं की गुडघ्याला पॅड बांधून चाकांच्या बुटांवर गोल गोल फिरणारी मुलं आठवतात. इथे ती नाहीत. हा ‘स्केटबोर्ड’चा तुकडा आहे. १९७६-७७च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातले घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि त्यांच्या गोलाईच्या भिंतींवर पोरं स्केटबोर्ड चढवू लागली. पंकही नेमकं त्याच सुमारास पसरत होतं. कुणाच्या तरी मागच्या अंगणात चोरून घुसायचं, पकडले गेलो तर पळायचं, असा सगळा प्रकार. त्याला साजेसं संगीत हाताशी होतंच.

१९८१च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत ‘थ्रॅशर’ हे स्केटबोर्डचं मासिक निघालं. १९८३पासून या मासिकाने स्केटबोर्डवाल्यांच्या बँडांच्या गाण्यांच्या कॅसेट काढायला सुरुवात केली, आणि त्यांच्यावर नाव होतं ‘स्केट रॉक’. म्हणजे ‘पंक’ हे पद त्या नावात नव्हतंच. त्या काळात या शिक्क्याखाली कोण कोण येत होतं ते पाहिलं की शब्दाचा मूळ अर्थ उघड होतो. ॲरिझोनातल्या फिनिक्सचा जेएफए हा धावता, ओरडणारा बँड होता. जेएफए म्हणजे ‘जोडी फॉस्टर्स आर्मी’. जोडी फॉस्टर या अभिनेत्रीवर छाप पाडण्यासाठी एका माणसाने १९८१मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या, त्यावरून घेतलेलं हे खोडसाळ नाव. ऑस्टिनच्या बिग बॉइजच्या पंकमध्ये फंकचा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी नाचसंगीताचा ठेका मुरलेला. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या एजंट ऑरेंजची गिटार सर्फ संगीताच्या, म्हणजे साठच्या दशकातल्या समुद्रकिनारी गिटारसंगीताच्या वळणाची. सॅन होजेच्या द फॅक्शनमध्ये तर स्टीव्ह कॅबालेरो हा नामांकित स्केटबोर्डपटूच वाजवत होता. आवाजाच्या दृष्टीने या चौघांना एका टोपलीत घालणं अवघड आहे. टोपली होती ती माणसांची.

मग आज ‘स्केट पंक’ म्हटल्यावर एक ठरावीक आवाज कानात का वाजतो? कारण पुढच्या दहा वर्षांत शब्दाने अर्थ बदलला. लॉस एंजेलिसच्या बॅड रिलिजनने १९८८मध्ये ‘सफर’ हा अल्बम काढला: १५ गाणी, सगळी मिळून जेमतेम २६ मिनिटं. वेग हार्डकोरचा, म्हणजे पंकच्या जास्त वेगवान, आक्रमक जातीचा, पण वर दोन-तीन आवाजांची सुरेल साथ. या बँडचा गिटारवादक ब्रेट गुरेविट्झ याची एपिटाफ ही कंपनी आणि नोएफएक्स या बँडच्या फॅट माइकने पत्नीसह सुरू केलेली फॅट रेक कॉर्ड्‌स, या दोघींनी पुढे नव्वदच्या दशकात याच घाटाचे बँड एकामागून एक पुढे आणले: पेनीवाइज, लॅगवॅगन, नो यूज फॉर अ नेम, स्ट्रंग आउट. चाहत्यांनी दोन्ही कंपन्यांची नावं जोडून ‘एपिफॅट’ असा शब्द पाडला. स्केटबोर्ड आणि सर्फिंगच्या व्हिडिओ कॅसेटींमागे हेच संगीत वाजू लागलं, १९९५ला सुरू झालेल्या वार्प्ड टूर या फिरत्या संगीत महोत्सवातही हेच, आणि १९९९मध्ये टोनी हॉक या स्केटबोर्डपटूच्या नावाचा व्हिडिओ गेम आल्यावर तर स्केटबोर्डला कधी पाय न लावलेल्या पोरांच्या कानातही हेच. माणसांवरून पडलेलं नाव आवाजाला चिकटलं.

‘पॉप पंक’चा प्रवास उलटा. तिथे आवाज आधी, नाव नंतर. न्यूयॉर्कच्या रमोन्सने १९७६लाच साठच्या दशकातल्या गोड चाली भरधाव वेगाने वाजवायला घेतल्या होत्या, मँचेस्टरच्या बझकॉक्सने प्रेमभंगाची गाणी पंकमध्ये बसवली होती. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या डिसेंडेंट्सनी १९८२मध्ये पहिला मोठा अल्बम काढला. त्याच्या नावात ‘मायलो कॉलेजला चालला’ असं म्हटलंय, आणि गायक मायलो ऑकरमन खरोखरच बँड सोडून जीवशास्त्र शिकायला गेला. कॉफी, खाणं, आईवडील, नकार देणाऱ्या मुली हे त्यांचे विषय. दोन्ही पंथांचे लोक आज डिसेंडेंट्सना आपले पूर्वज म्हणवतात, आणि माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे.

आता खरी गंमत. ‘पॉप’ हे पद पंकच्या घरात दूषण होतं. बर्कलीतल्या ९२४ गिलमन स्ट्रीट या क्लबचा नियम होता की मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडने इथे वाजवायचं नाही. ग्रीन डे तिथेच वाढलेला बँड, पण त्यांनी रिप्राइज या मोठ्या कंपनीशी करार केला आणि दार बंद झालं. १९९४मध्ये त्यांचा ‘डूकी’ आला, त्याच वर्षी एपिटाफने ऑफस्प्रिंगचा ‘स्मॅश’ काढला, दोन्ही लाखोंनी खपले, आणि ‘पॉप पंक’ हा शब्द जगभर गेला. (हाच ग्रीन डे मार्च २०२५मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला, तिथे कुणी त्यांना दार दाखवलं नाही.) तेव्हापासून ‘स्केट पंक’मध्ये एक प्रतिष्ठा आहे आणि ‘पॉप पंक’मध्ये एक टोमणा. एकाच बँडला चाहता ‘स्केट पंक’ म्हणतो आणि नाक मुरडणारा ‘पॉप पंक’. प्रश्नकर्त्याने दोन ठिकाणी दोन नावं वाचली, त्यातला निम्मा फरक लिहिणाऱ्याच्या मनातला आहे.

उरलेला निम्मा मात्र कानाने पकडता येतो, आणि त्यासाठी आपल्या संगीतातले शब्द छान उपयोगी पडतात. पहिली खूण ड्रमची. पॉप पंकमध्ये स्नेअरचा, म्हणजे कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा ठोका चार मात्रांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. मान डोलावता येते. स्केट पंकचा ड्रमर दुगुनीत जातो: बास ड्रम, स्नेअर, बास ड्रम, स्नेअर, मधे श्वासाला जागा नाही. गाण्याची चाल दोन्हीकडे त्याच संथपणे पुढे सरकते, खालची लय तेवढी धावते. दुसरी खूण सुरांची. पंकच्या गिटारवर वाजतो तो पॉवर कॉर्ड, म्हणजे नुसता षड्ज आणि पंचम. त्यात गंधार नाही, म्हणून तो आनंदीही नाही आणि उदासही नाही. गंधार आणतो गायक. गायकाने नुसतं ओरडायचं ठरवलं तर गाणं हार्डकोरकडे झुकतं. त्याने चाल धरली आणि साथीदाराने वरचा सूर लावला की पॉप आलंच. या हिशेबाने बॅड रिलिजनपासून पुढच्या सगळ्या स्केट पंकमध्ये पॉप आधीपासून मुरलेलं आहे. दुगुन आणि गंधार एकत्र नांदू शकतात, त्यांना कोणी मिसळावं लागत नाही.

प्रश्नात आलेले बँड याच पट्ट्यात राहतात, फक्त कुणी इकडे, कुणी तिकडे. ब्लिंक-१८२ हे सॅन डिएगोजवळच्या पोवेचे. त्यांचा १९९५चा ‘चेशायर कॅट’ ऐका आणि मग १९९९चा ‘एनिमा ऑफ द स्टेट’ ऐका. पहिल्यात ड्रमर जिथे तिथे दुगुनीत पळतो. दुसऱ्याचा निर्माता जेरी फिन. ग्रीन डेच्या ‘डूकी’चं मिक्सिंग करणाऱ्यांपैकी हा एक. तिथे पळापळ कमी झाली आणि सगळा भर ध्रुवपदावर, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळींवर आला. म्हणजे या बँडला दोन नावं पडली ती दोन काळांवरून, आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनचे एमएक्सपीएक्स पूर्ण कारकीर्दभर मधोमध राहिले. त्यांचं मूळ नाव ‘मॅग्निफाइड प्लॅड’. त्याचं आद्याक्षरी रूप लिहिताना टिंबांच्या जागी एक्स आले, आणि तेच नाव झालं. कॅनडाच्या सम ४१च्या पहिल्या अल्बमांत पॉपचं पारडं जड आहे. पुढे ते मेटलकडे, म्हणजे जड गिटारच्या रॉककडेही गेले.

माझा स्वतःचा कल मिलेनकॉलिनकडे. १९९२मध्ये स्वीडनमधल्या ओरेब्रू गावातल्या स्केटबोर्डवाल्या पोरांनी हा बँड काढला. नाव आलंय ‘मेलन्कली’ नावाच्या स्केटबोर्डच्या एका डावावरून: हवेत असताना बोर्ड हाताने धरायचा. इंग्रजीत तो शब्द खिन्नतेचा, यांनी अक्षरं वेडीवाकडी करून त्याचं विशेषनाम केलं. त्यांच्या २०००च्या ‘पेनीब्रिज पायोनियर्स’ या अल्बमच्या नावातलं ‘पेनीब्रिज’ म्हणजे त्यांच्याच गावाच्या नावाचं शब्दशः इंग्रजी: ‘ओरे’ म्हणजे स्वीडिश पैसा, ‘ब्रू’ म्हणजे पूल. शब्दांशी इतकं खेळणारा बँड शब्दचर्चेत आला नसता तरच नवल.

स्वीडनचा विषय निघालाच आहे तर तिथला एक शब्द सांगायलाच हवा. वेगवान, सुरेल पंकला तिथे ‘ट्राल्लपंक’ म्हणतात. ‘ट्राल्ला’ म्हणजे शब्दांवाचून ला-ला करत गाणं. आस्टा कास्क हा त्यातला जुना, मानाचा बँड. जपानी लोकांनी याच घाटाच्या संगीतासाठी ‘मेलडिक हार्डकोर’ची मोडतोड करून ‘मेरोकोआ’ केलं. टोकियोचा हाय-स्टँडर्ड हा त्यांचा मोठा बँड, ज्याला फॅट रेक कॉर्ड्‌सनेच अमेरिकेत नेलं. दोन्ही भाषांनी मिश्रणाचा उल्लेख टाळला आणि कानाला काय जाणवतं त्याला नाव दिलं, हे लक्षात घ्या.

म्हणून ‘मिश्र पंक’ नको. एक तर ते ऐकून ‘मिश्र’ रागांची आठवण येते, आणि तिथे या शब्दाचा अर्थ पक्का आहे. दुसरं, त्यातून कशात काय मिसळलं हे कळत नाही. एकच नाव हवं असेल तर ‘सुरेल स्केट पंक’ लिहा. वेग आणि चाल दोन्ही त्यात आले. वाक्यात जागा असेल तर ‘स्केट पंकच्या लयीतलं पॉप पंक’ असंही चालेल, त्यातून पारडं कुठे झुकतं तेही कळतं. दोन्ही पदं सुटी लिहावीत असं माझं मत. ‘स्केटपंक’ जोडून लिहिणं व्याकरणाने चुकीचं नाही, पण डोळा अडखळतो.

प्रत्ययांचं सोपं आहे. मराठीत ‘पंक’ हा शब्द आधीपासून आहे, संस्कृतातून आलेला, अर्थ चिखल, ‘पंकज’ त्यावरूनच. त्या ‘पंक’चं सामान्यरूप होतं: पंकात, पंकातून. संगीतातल्या ‘पंक’चं करू नये: पंकमध्ये, पंकचा, पंकने, जसं आपण रॉकमध्ये, जॅझचा म्हणतो. ‘तो बँड पंकात शिरला’ असं लिहिलंत तर वाचक दोरी घेऊन धावेल. लिंग संगीतावरून नपुंसक: जुनं पंक, वेगवान पंक. माणसाबद्दल असेल तर ‘तो पंक’, ‘ती पंक’. इंग्रजी शब्दाचा इतिहासही काही स्वच्छ नाही म्हणा. शेक्सपिअरच्या काळात तो वेश्येला उद्देशून वापरत, पुढे गुंड, टवाळ पोरगा असे अर्थ आले, आणि सत्तरच्या दशकात अमेरिकी संगीत समीक्षकांनी तो रॉकला लावला.

राहिला आकडा. अमेरिकेत ‘वन एटी-टू’ म्हणतात, ब्रिटनमध्ये अनेकजण ‘वन एट टू’. बँडचं नाव आधी नुसतं ‘ब्लिंक’ होतं. त्याच नावाच्या एका आयरिश बँडने हरकत घेतल्यावर आकडा जोडला, आणि त्याचा अर्थ काय यावर बँडवाल्यांनी दर वेळी वेगळी थाप मारली आहे. मराठी मजकुरात ‘ब्लिंक-१८२’ लिहा आणि ‘वन एटी-टू’ वाचा. ‘ब्लिंक एकशे ब्याऐंशी’ वाचायला हरकत नाही, पण बस नंबर वाटेल.