सईला पत्र: आजी थोडंथोडंच दळण का आणते?

प्रिय सई,

तुझा मेसेज ऐकला. मागे पावसाचा आवाज होता आणि आजीचं 'डबा सरळ धर गं' सुद्धा. तुझा प्रश्न असा की, इथे अमेरिकेत, आयोवात, आपल्या कपाटात मक्याच्या पिठाचा पुडा वर्षभर राहतो, त्याला काही होत नाही. मग नाशिकला आजी आठवड्यापुरताच मका का दळून आणते? आणि गिरणीवाल्या काकांना दर वेळी 'आधी काय दळलंत?' असं का विचारते? उत्तरही तूच देऊन टाकलंस: आपलं पीठ जास्त चांगलं, कारण ते टिकतं.

नेमकं उलट आहे. आपला पुडा टिकतो, कारण त्यातलं खराब होण्यासारखं जे होतं ते कारखान्यातच काढून घेतलंय. आणि मक्यात खराब होण्यासारखं जे असतं, तेच बरंचसं अंगी लागणारं असतं.

आजीकडून वाळलेल्या मक्याचा एक दाणा मागून घे. रात्रभर पाण्यात ठेव आणि सकाळी नखाने सोल. वरची पातळ, चिवट साल निघेल, तो कोंडा. दाण्याच्या निमुळत्या टोकाकडे एक फिकट, मऊसर भाग दिसेल, तो अंकुर. मोड तिथूनच येतो. बाकीचा पिवळा भाग म्हणजे मुख्यतः पिष्ट, उगवणाऱ्या रोपाला बांधून दिलेली शिदोरी. अंकुर वजनाने दाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, पण दाण्यातलं बहुतेक तेल त्याच्यात. ई जीवनसत्त्व आणि बरीचशी खनिजंही तिथेच. तंतू कोंड्यात.

आता, तेल आलं की खवटपणा आलाच. दाणा अख्खा असतो तोवर काळजी नाही, महिनोन् महिने राहतो. दळला की तेलाला हवा लागते, दाण्यातलीच विकरं (एन्झाइम) त्या तेलावर काम सुरू करतात आणि पीठ हळूहळू कडसर होतं. बाजरीचं तर फारच लवकर होतं. आजी भाकऱ्या करायच्या आधी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवते ना, ती हीच तपासणी. त्यात पावसाळ्यात दमटपणा आणि पोरकिडे, म्हणून सध्या दळण आणखी कमी.

कारखान्याला असं आठवड्याच्या हिशेबाने चालून कसं भागणार? त्याचा माल गोदामात, ट्रकमध्ये, दुकानात पडून राहणार. म्हणून तिथे कोंडा आणि अंकुर आधीच वेगळे काढतात. अंकुराचं तेल काढून ते वेगळं विकतात. आपल्या पुड्यावर बारीक अक्षरांत 'डीजर्मिनेटेड' लिहिलंय, त्याचा अर्थ हाच. खाली 'एनरिच्ड' असंही आहे. म्हणजे लोह, फोलिक अॅसिड आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं वरून घातलीत. ते वाईट नाही, पण जस्त, मॅग्नेशियम, ई जीवनसत्त्व आणि तंतू गेले ते गेलेच.

तुला आकडे आवडतात म्हणून सांगतो. १०० ग्रॅम अख्ख्या मक्याच्या पिठात सुमारे ७ ग्रॅम तंतू, साडेतीन मिलिग्रॅम लोह आणि १२५ मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं. अंकुर काढलेल्या आणि वरून काही न घातलेल्या पिठात तंतू ४ ग्रॅम, लोह जेमतेम १ मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम ३० च्या घरात. कॅलरी मात्र दोन्हीत साधारण सारख्याच, ३६० ते ३७०. पोट दोन्हीनेही भरतं, म्हणूनच काय गेलं ते लक्षात येत नाही. पिवळ्या मक्यात डोळ्यांना उपयोगी ल्युटीन आणि झियाझँथिन ही रंगद्रव्यंही असतात, पांढऱ्यात ती नावापुरती. आणि हो, काकूच्या स्वयंपाकघरात मंच्युरियनसाठी ठेवलेलं ते पांढरंशुभ्र कॉर्नफ्लॉवर म्हणजे निव्वळ स्टार्च. त्याची भाकरी करायला जाऊ नकोस.

गिरणीकडे वळतो, कारण ते खातं लहानपणी माझ्याकडे होतं. सायकलच्या कॅरिअरला डबा बांधायचा आणि आजीचा निरोप तोंडपाठ करून जायचा: 'मक्यावर नाहीतर ज्वारीवर टाका, बाजरीवर नको, फार बारीक नको.' चक्कीच्या दगडांत आधीच्या धान्याचं पीठ अडकलेलं असतं, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. बाजरीवर गहू दळले की पोळ्या काळपट होतात आणि घरी बोलणी बसतात. गिरणीवाले म्हणून सगळ्यांचे गहू एका रांगेत, ज्वारी-बाजरी दुसऱ्या रांगेत लावून ठेवतात, आणि ती रांग मोडायला मोठमोठ्या लोकांनाही परवानगी नसते! बहुतेकांना हा चवीचा प्रश्न वाटतो. पण गव्हात असतं ते ग्लूटेन नावाचं चिकट प्रथिन मक्यात नसतं. ज्याला गहू अजिबात सोसत नाही अशा माणसासाठी मका गव्हावर दळला, की त्या भाकरीचा उपयोगच संपला.

दळण घरी आल्यावर आजी काय करते तेही बघ. पीठ हाताला गरम लागतं, तेव्हा ती ते लगेच डब्यात बंद करत नाही. जुन्या पातळावर पसरते, बोटांनी रेघा ओढते, निवू देते. गरम पीठ झाकलं तर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. चाळते तीसुद्धा मोठ्या भोकांच्या चाळणीने, नाहीतर कोंडा इथेही बाहेरच जायचा. मग उकळतं पाणी घालून उकड काढायची आणि परातीत तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळायचं. मक्याला चिकटपणा नाही, तो या रगडण्यातूनच आणावा लागतो. तरी कडा फुटतातच. तुझ्याही फुटतील.

एवढं सगळं सांगितलं तरी नुसता मका खाऊन भागत नाही. त्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही शरीराला लागणारी अमिनो आम्लं कमी असतात. शिवाय नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व असतं, पण असं बांधलेलं की शरीराला ते नीट मिळत नाही. मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आल्या, त्याने ते नायसिन सुटतं. तू टॉर्टिया खातेस, त्याला तो विशिष्ट वास असतो ना, तो या चुन्याच्या संस्काराचा. युरोपने मका नेला, चुना नेला नाही. पुढे स्पेन-इटलीतल्या आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ज्या गरिबांच्या ताटात मक्याशिवाय फारसं काही नसायचं, त्यांना पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा रोग झाला. कातडी सोलायची, जुलाब, शेवटी डोक्यावर परिणाम. लोक तो संसर्गाचा रोग समजत होते. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१५ च्या सुमारास दाखवून दिलं की दोष जेवणात आहे. नायसिनने तो बरा होतो हे कळायला १९३७ उजाडलं. आपण फुशारकी मारायचं कारण नाही, दख्खनमध्ये फक्त ज्वारीवर राहणाऱ्यांनाही तो होत असे.

म्हणून आजी मक्याची भाकरी कधी एकटी वाढत नाही. सोबत उडदाची आमटी, मुगाची उसळ, निदान शेंगदाण्याची चटणी आणि दही असतं. डाळींत लायसिन भरपूर, ते मक्याची उणीव भरून काढतं. तिचं माहेर सटाण्याकडचं. तिकडे खानदेशी वळणाने ज्वारीत उडीद घालून कळण्याची भाकरी करतात. दोन्ही एकत्रच दळायचं, म्हणजे आमटी नसली तरी काम झालं. येवला-मालेगावच्या रस्त्याला तुला दोन्ही बाजूंना मका दिसेल, पण त्यातला बराचसा कोंबड्यांच्या खाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो. आपल्या लोकांच्या रोजच्या ताटात तो कमीच. मला विचारशील तर बाजरी आणि नागली हातात असताना मक्यावाचून काही अडत नाही. पण आठवड्यातून एकदा, गरम, वर लोणी असेल तर मी नाही म्हणणार नाही.

आपला पुडा संपवू, टाकायला नको. पुढचा आणताना 'होल ग्रेन' लिहिलेलाच बघून घेऊ. नुसतं 'स्टोन ग्राउंड' असलं तर ते फक्त दळण्याच्या पद्धतीबद्दल आहे, अंकुर शिल्लक आहे की नाही हे त्यातून कळत नाही. आणला की फ्रीजमध्ये ठेवायचा.

आजीला एक विचारून कळव. कळण्याला किलोभर ज्वारीत उडीद किती घालते, सालासकट की बिनसालीचे, आणि मक्यात घातले तर चालतील का? ती 'अंदाजाने' म्हणेल. तेव्हा वाटी हातात देऊन मोजून घे.

तुझा,
बाबा