तक्रार आधी खरी मान

प्रिय तरुण सहकाऱ्यास,
सप्रेम आशीर्वाद.

वाइल्डरनेस थेरपीच्या, म्हणजे अडचणीत सापडलेल्या किशोरवयीन मुलांना काही आठवडे रानात ठेवून समुपदेशन करणाऱ्या उपक्रमाच्या, पथकात मार्गदर्शक म्हणून तू रुजू होत आहेस हे वाचून आनंद झाला, तशी काळजीही वाटली. नकाशा कसा वाचावा, मुक्काम कुठे टाकावा, लाकडावर लाकूड घासून विस्तव कसा पाडावा हे तुला तिथे शिकवतीलच. मला एकच गोष्ट सांगायची आहे: मुलाने शरीराची तक्रार केली, तर ती आधी खरी मानायची आणि शंका मागाहून घ्यायची.

हे आचरणात आणणे अवघड जाते, कारण तुझ्याकडे येणारी मुले बदलौकिक घेऊनच आलेली असतात. नशा, बुडालेली शाळा, स्वतःला इजा करून घेणे, घरच्यांशी तुटलेले बोलणे अशा कारणांनी त्यांना पाठवलेले असते, आणि मूल खोटे बोलते, बहाणे करते असे पालकांनी अर्जात लिहून दिलेले असते. एकदा ते वाचले की पोटदुखीसुद्धा चालण्याचा कंटाळा वाटू लागते. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २००७ साली, किशोरवयीन मुलांसाठीच्या खासगी कार्यक्रमांत १९९० ते २००४ या काळात झालेल्या दहा मृत्यूंची प्रकरणे बारकाईने तपासली. काही मुले उन्हात पाण्यावाचून कोसळत असताना सोबतच्या कर्मचाऱ्यांना ते सोंग वाटले होते. तो अहवाल तू मुळातून वाच. मन विषण्ण होईल, तरीही वाच.

माझ्याही हातून ही चूक झाली आहे. पहिल्याच उन्हाळ्यात एक मुलगी वाटेत बसली आणि मी तिला पुढच्या वळणापर्यंत चालायला लावले. तिची जीभ जड झाली आहे हे माझ्या सोबत्याच्या लक्षात आले, त्याने तिला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतले आणि मदत मागवली, म्हणून ती वाचली. बोलणे असंबद्ध होणे, पाय लटपटणे, अंग तापणे ही उष्माघाताची लक्षणे असू शकतात आणि तिथे वाट पाहण्यासारखे काहीच नसते. शिवाय यांतली बरीच मुले मानसोपचाराची औषधे घेत असतात. शरीरातले पाणी कमी झाले की लिथियम या औषधाचे रक्तातले प्रमाण घातक पातळीपर्यंत चढू शकते, तर काही औषधांमुळे घाम कमी येऊन शरीर नीट थंड होत नाही. कोण काय घेतो हे तुला तोंडपाठ हवे.

विश्वासाचा प्रश्न शरीरापुरता थांबत नाही. काही मुलांना पालकांच्या संमतीने, पण स्वतःच्या मर्जीविरुद्ध, रात्री झोपेतून उठवून अनोळखी माणसांकरवी तिथे पोहोचवले जाते. ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. असे आलेले मूल पहिले काही दिवस तुझ्याशी बोलले नाही, तर तो हट्ट समजू नकोस. ज्यांच्यावर भरवसा होता त्यांनीच फसवले असे त्याला वाटत असते. तुझ्यापाशी दुखणे सांगितल्यावर ते ऐकले जाते हा अनुभव त्याला आला, तरच समुपदेशकासमोर ते पुढे काही बोलू शकेल.

रानाने मुले बदलतात का, असे तू विचारले आहेस. काहींना निश्चित बरे वाटते; मात्र अनेक अभ्यास मुलांनी आणि पालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत आणि तुलनेसाठी दुसरा गट घेतलेले अभ्यास थोडे आहेत, म्हणून पालकांना हमी देऊ नकोस. आठ-दहा आठवडे मूल दूर असताना घरच्यांनीही समुपदेशकाबरोबर काम केले नाही, तर परतल्यावर तेच भांडण त्याच उंबरठ्यावर त्याची वाट पाहत असते.

रुजू होण्याआधी दोन प्रश्न विचार. आजारी मुलाला रानाबाहेर काढण्याचा निर्णय मार्गदर्शक स्वतः घेऊ शकतो का? आणि तो निर्णय अनावश्यक ठरला तर त्याला बोल लावला जातो का? उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर ती नोकरी घेऊ नकोस. घेतलीस, तर पहिली फेरी संपल्यावर मला सविस्तर लिही.

तुझा हितचिंतक