लेकीला कंट्री गायिका व्हायचंय. मध्येच थांबावं लागलं तर?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, बरीच वर्षं टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहतो. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणी शास्त्रीय गाणं शिकली, आता गिटार घेऊन स्वतःची कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण वळणाची, गाणी लिहिते. कॉलेज नको, थेट नॅशव्हिलला, या संगीताच्या मोठ्या केंद्रात, जाते म्हणते. तिच्या बाबांनी यावर बोलणंच सोडलंय. माझी धास्ती वेगळी आहे. चार वर्षं नाव झालं आणि मग रेकॉर्ड कंपनीने सोडलं किंवा ती संसारात अडकली, तर तिला परत कोण विचारणार? – एक आई

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्याच शहरातल्या एका गायिकेची वाटचाल सांगते. केली विलिस. जन्म 1968 चा, ओक्लाहोमातला. वाढली व्हर्जिनियात आणि अगदी तरुण वयात बँडबरोबर ऑस्टिनला आली. गायिका नॅन्सी ग्रिफिथमुळे तिचं नाव नॅशव्हिलचे निर्माते टोनी ब्राउन यांच्यापर्यंत पोहोचलं आणि एमसीए या बड्या कंपनीने तिच्याशी करार केला. 1990, 1991 आणि 1993 असे तीन अल्बम निघाले. समीक्षकांनी कौतुक केलं, पण रेडिओवर गाणी चालली नाहीत आणि कंपनीने तिला सोडलं. तुम्हाला जी भीती वाटते, ती तिच्या बाबतीत पंचविशीतच खरी ठरली.

ती नॅशव्हिलमध्ये दारं ठोठावत बसली नाही. ऑस्टिनमध्येच राहिली, तिथल्याच वादकांबरोबर गात राहिली. 1999 मध्ये रायकोडिस्क या लहान कंपनीतर्फे ‘व्हॉट आय डिझर्व्ह’ आला. तिचं नाव निघालं की जाणकार आजही आधी हाच अल्बम काढतात. 2002 आणि 2007 मध्ये आणखी दोन आले. मधल्या काळात गायक-गीतकार ब्रूस रॉबिसनशी लग्न झालं, चार मुलं झाली. 2007 नंतर एकटीच्या नावावरचा पुढचा अल्बम यायला 2018 साल उजाडलं. ‘बॅक बीइंग ब्लू’ आला तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. त्यातल्या दहापैकी सहा गाणी तिची स्वतःची आहेत.

त्या अकरा वर्षांत तिचं गाणं बंद नव्हतं, हे लेकीला नीट सांगा. 2013 आणि 2014 मध्ये ब्रूसबरोबर दोन अल्बम केले, दोघं मिळून कार्यक्रम करत होती. टेक्सासमध्ये जुने डान्स हॉल आणि लहान क्लब आहेत, तिथे वर्षानुवर्षं तेच श्रोते परत येतात. ग्रूनचा हॉल तर 1878 पासूनचा आहे. रेडिओवाले विसरले तरी असे श्रोते विसरत नाहीत. म्हणून ‘परत कोण विचारणार’ याचं माझं उत्तर असं : जिथे तिला नावाने ओळखतात, ते गाव तिने सोडलं नाही तर नक्की विचारतील. अठराव्या वर्षी नॅशव्हिलला जाण्याला माझा विरोध आहे तो एवढ्याचसाठी. तिथे तिच्यासारख्या मुली रोज उतरतात. ऑस्टिनमध्ये मात्र ती घरी राहून आठवड्याला दोन ठिकाणी गाऊ शकते.

आता पैशांबद्दल. तिच्या बाबांना हा भाग जरूर वाचायला द्या. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते गाणं रचणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. गाणाऱ्याला एक सेंटही मिळत नाही! इंटरनेट आणि सॅटेलाइट रेडिओचे पैसे साउंडएक्स्चेंज ही संस्था वाटते. त्यात 50 टक्के रेकॉर्डिंगच्या मालकाला, 45 टक्के मुख्य कलाकाराला आणि 5 टक्के साथीदारांना जातात. सीडी आणि डाउनलोडवर गाणं रचणाऱ्यांचा दर 2006 पासून 2022 पर्यंत गाण्यामागे 9.1 सेंट होता, 2023 मध्ये तो 12 सेंट झाला. रक्कम बारीक वाटते, पण ब्रूस रॉबिसनची गाणी टिम मॅकग्रा आणि द चिक्स यांनी गायली आणि ती कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. रचणाऱ्याने स्वतः मंचावर पाऊलही ठेवलं नाही तरी असं गाणं कमावत राहतं. मुलं लहान असताना ही गोष्ट किती मोलाची, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुमची लेक गाणी लिहिते, ही तिची खरी पुंजी आहे. आजपासून एक सवय लावा. कुणाबरोबर बसून गाणं केलं, तर उठण्याआधी कागदावर गाण्याचं नाव, तारीख, दोघांची नावं आणि कुणाचे किती टक्के ते लिहून सह्या घ्यायच्या. याला तिकडे स्प्लिट शीट म्हणतात. मैत्रिणीबरोबर केलं तरी घ्यायची, किंबहुना तेव्हा तर घ्यायचीच. गाणं वाजलं की रचणाऱ्याचे पैसे गोळा करून देणाऱ्या बीएमआय किंवा अ‍ॅस्कॅप यांपैकी एका संस्थेत नाव नोंदवायचं.

शास्त्रीय शिक्षण वाया जाईल असं समजू नका. सूर पक्का आहे, दमसास आहे. फक्त कंट्रीत आधी शब्द कळावा लागतो, हरकती-मुरक्या नंतर.

शिक्षणाचं म्हणाल, तर टेक्सासमधल्याच लेव्हलँडच्या साउथ प्लेन्स कॉलेजमध्ये कंट्री आणि त्याचाच भाऊबंद असलेलं ब्लूग्रास रीतसर शिकवतात. गायिका ली अ‍ॅन वोमॅक आणि द चिक्समधली नॅटली मेन्स तिथेच शिकल्या. दोन वर्षांचं सरकारी कॉलेज आहे, त्यामुळे राज्यातल्या रहिवाशांना परवडतं. ध्वनिमुद्रणाची आवड असेल तर सॅन मार्कसची टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटी घरापासून फार लांब नाही. नॅशव्हिलच्या बेलमाँटमध्ये गीतलेखनाची पदवी मिळते, पण ती खासगी आहे आणि फी मोठी आहे. कर्ज काढून ती पदवी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कर्जाचा हप्ता डोक्यावर असला की माणूस समोर येईल त्या करारावर सही करतो.

करारांमध्ये ‘ऑप्शन’ नावाचं कलम असतं. त्यात कंपनी एका अल्बमची हमी देते आणि पुढचे चार-पाच घ्यायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क स्वतःकडे ठेवते. कंपनी सोडू शकते, मुलगी सोडू शकत नाही. रेकॉर्डिंगची मालकी कुणाची आणि किती वर्षांनी परत मिळते, हेही त्यातच लिहिलेलं असतं. टेक्सासमध्ये टाला ही संस्था पात्र कलावंतांना वकील आणि हिशेबनीस मोफत मिळवून देते, तिथे आधी चौकशी करा. आरोग्य विम्याची काळजी असेल तर ऑस्टिन परिसरातल्या कमी उत्पन्नाच्या संगीतकारांसाठी हॅम ही संस्था 2005 पासून काम करते.

येत्या सुट्टीत तिच्या बाबांना एकदा तिचं गाणं ऐकायला घेऊन जा, मंडळाच्या कार्यक्रमात नको, एखाद्या क्लबमध्ये, जिथे समोरची माणसं अनोळखी असतील. त्यानंतर तिघं मिळून कॉलेजांची यादी करा आणि मला पाठवा. अर्जांच्या तारखा आपण बघून घेऊ.